काउंटरच्या काचेतला आलेख : वस्तूचं आयुष्य आणि स्मार्टफोनची चढण

तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्याही मोबाइलच्या दुकानात जा आणि काउंटरची काच वरून खाली बघा. वरच्या फळीवर नवी ५जी मॉडेलं, त्यातली निम्मी नुसती डमी. मधल्या फळीवर आठ-दहा हजारांचे फोन. त्यांच्या स्टिकरवरची किंमत पेनानं खोडून खाली दुसरी लिहिलेली. खालच्या फळीवर बटणांचे फोन, हजार-दीड हजारांचे. आणि सगळ्यात खाली, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या खणात, कव्हरांचा ढीग. ज्या फोनची ती कव्हरं, ते फोन बनणं केव्हाच बंद झालंय.

बी.कॉम.च्या पुस्तकात ‘उत्पादनाचं जीवनचक्र’ या नावानं जो आलेख छापलेला असतो, तो हाच. फक्त इथं तो आडवा नसून उभा मांडलाय.

कल्पना सोपी आहे. बाजारात येणारी वस्तू चार अवस्थांतून जाते. पहिली आगमनाची : वस्तू नवी, महाग, खप थोडा, आणि बनवणारा बहुधा तोट्यात. दुसरी वाढीची : खप भराभर चढतो, किंमत उतरते, नफा दिसू लागतो, आणि नफा दिसला की तीच वस्तू बनवणारे दहा जण उभे राहतात. तिसरी परिपक्वतेची : ज्याला घ्यायचं त्यानं घेतलेलं असतं, खप उंचावर पण सपाट होतो आणि किमतीवरून मारामारी सुरू होते. चौथी उताराची. विपणनाचे अभ्यासक थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहून ही कल्पना कंपन्यांच्या रोजच्या वापरात आणली. तेव्हापासून ती जगभर शिकवली जाते, आणि बहुतेक ठिकाणी अर्धवटच शिकवली जाते.

अर्धवट म्हणजे कशी, तर एक गोष्ट त्यात नेहमी निसटते. नफ्याचं शिखर विक्रीच्या शिखराच्या आधी येतं. विक्री सगळ्यात जास्त असते तेव्हा नफा उतरणीला लागलेला असतो, कारण तोवर स्पर्धक आलेले असतात. तालुक्याला एका गल्लीत मोबाइलची सात दुकानं उघडलेली दिसली, की या धंद्यातला मोठा नफा आधीच कोणीतरी घेऊन गेलाय असं समजायला हरकत नाही. आठवा दुकानदार नेमका तेव्हाच शटर बसवतो.

किंमत आधी जास्त आणि मग कमी का, याचं गणित हातावर करता येतं. समजा एक फोन तयार करायला, म्हणजे आराखडा, साचे, चाचण्या यांवर १० कोटी रुपये लागले. फोन १० हजारच विकले गेले तर प्रत्येकावर या खर्चाचे १० हजार रुपये चढतात. १० लाख विकले गेले तर प्रत्येकावर फक्त १००. माल तोच, कारखाना तोच. म्हणून पहिले गिऱ्हाईक जे जास्तीचे पैसे देतात, त्यातला मोठा भाग फोनचा नसून घाईचा असतो.

आयफोनचंच घ्या. २९ जून २००७ ला तो अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, तो ३९९ वर आणला. आधी रांगा लावून घेतलेल्यांनी ओरड केली, तेव्हा कंपनीनं त्यांना दुकानात वापरता येईल असं १०० डॉलरचं क्रेडिट दिलं. घाईची किंमत २०० डॉलर, त्यातले निम्मे परत.

आता खरी अडचण. ‘स्मार्टफोन कोणत्या अवस्थेत आहे?’ असं विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं, की आयुष्य कोणाचं मोजायचं? सगळ्यात वर आहे गरज : दूरच्या माणसाशी बोलायचं. ती मरत नाही. तिच्याखाली प्रकार : तार, एसटीडी बूथ, मोबाइल. त्याखाली रूप : बटणांचा फोन, टच फोन. त्याखाली ब्रँड. आणि तळाला मॉडेल, ज्याला डब्यावर नंबर असतो. प्रत्येकाचं आयुष्य वेगळ्या मापाचं. तारेनं भारतात दीडशेहून जास्त वर्षं काढली आणि जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. पिवळ्या एसटीडी-पीसीओ बूथनं दोन-अडीच दशकं. स्वस्त अँड्रॉइड फोनचं एखादं मॉडेल मात्र वर्षभरात काउंटरवरून खाली उतरतं. प्रकार भर ज्वानीत असताना त्यातलं मॉडेल मेलेलं असू शकतं. दुकानदार बुडतो तो बहुतेक इथंच : ‘मोबाइलचा धंदा जोरात आहे’ हे प्रकाराबद्दल खरं असतं आणि त्यानं भरलेला माल मॉडेलचा असतो.

विदर्भातल्या कास्तकाराला हे निराळं समजावून सांगायला नको. त्यानं हाच खेळ बियाण्याच्या पाकिटात पाहिलाय. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, केंद्राची परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, ती तीन संकरित वाणांना. ४५० ग्रॅमचं पाकीट तेव्हा दीड हजारावर जायचं, आणि गावात एक-दोघांच्याच वावरात दिसायचं. २००६ मध्ये दोन जनुकांचं दुसरं बीटी आलं, सरकारी दबावानं भाव निम्म्यावर उतरले, आणि मग लाट आली. दहा वर्षांच्या आत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटीच होती. वाणांची नावं इतकी झाली की कृषी केंद्रात पाकिटावरच्या चित्रावरून बियाणं ओळखायची पाळी. ही परिपक्वतेची खूण. मग गुलाबी बोंडअळीनं तोंड काढलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली.

पण पाकिटांची विक्री काही त्या वर्षी कोसळली नाही. दुसरं घेण्यासारखं काही समोर नव्हतं. विक्रीची रेघ आणि उपयोगाची रेघ या दोन वेगळ्या रेघा आहेत, आणि पुस्तकातला आलेख फक्त पहिली काढतो. फोनबद्दल बोलताना हे पुन्हा कामी येईल.

बियाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नवी वस्तू समाजात कशी पसरते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास कोण्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत सुरू झालेला नाही. तो सुरू झाला मक्याच्या शेतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी संकरित मक्याचं बियाणं २५९ शेतकऱ्यांनी कधी आणि का स्वीकारलं हे विचारून काढलं. तो अभ्यास १९४३ मध्ये छापून आला. १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलेलं होतं. आणि सापडलं काय? बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते विक्रेत्याकडून, पण पटलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. पुढे समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये घेणाऱ्यांचे पाच गट पाडले. शंभर घरांचं गाव धरलं तर दोन-तीन घरं कशालाही आधी हात घालणारी. तेरा-चौदा घरं अशी की ज्यांच्याकडे बाकीचे बघतात. मग चौतीस घरं सरासरीच्या थोडी आधी. चौतीस थोडी नंतर. आणि सोळा घरं सगळ्यात शेवटी. यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. गावात नवी वस्तू पहिला कोण आणतो यावर तिचं भवितव्य ठरत नाही. त्याला तर लोक हौशी म्हणून सोडून देतात. ती तेरा-चौदा घरं घेतात की नाही, यावर ठरतं.

आता फोन. पहिला स्मार्टफोन म्हणून ज्याचं नाव घेतात तो आयबीएमचा सायमन, १९९४ सालचा. पडद्याला हात लावून चालायचा, ई-मेल आणि फॅक्स पाठवायचा. वजन अर्धा किलो, करारासह किंमत ८९९ डॉलर, बोलायला लागलं की बॅटरी तासाभरात संपायची. साधारण पन्नास हजार विकले गेले आणि संपलं. वस्तू वाईट नव्हती. तिच्या भोवतीचं काहीच तयार नव्हतं : बॅटरी नाही, जाळं नाही, त्यावर चालवायला इंटरनेट नाही. बैल आणला आणि बंडीच नाही, अशी गत.

आगमनाच्या अवस्थेत वस्तू मरतात त्या बहुतेक याच कारणानं. भारतात आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये आला, ३१ हजार रुपयांपासून पुढे. त्याचं नावच ३जी होतं, आणि देशात ३जी अजून सुरू झालेलं नव्हतं. खासगी कंपन्यांसाठी त्याचा लिलाव झाला २०१० मध्ये. म्हणजे पाणी यायच्या दोन वर्षं आधी नळ विकला.

त्या काळात विदर्भातल्या खेड्यात राज्य होतं नोकिया ११०० चं. २००३ मध्ये आलेला हा फोन जगभर २५ कोटींवर खपला. त्याची रचना नीट बघा म्हणजे खेड्यासाठी वस्तू कशी असावी ते कळतं. कळफलकावर रबराची एकसंध चादर, त्यामुळे धूळ आत जात नाही. मागं खरबरीत पकड, घामट हातातून सटकत नाही. आणि टोकाला टॉर्च. रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला वावरात जाणाऱ्या माणसाला फोनपेक्षा टॉर्च जास्त लागायचा. शिवाय मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागणं बंद झालं होतं. १९९५ मध्ये देशात मोबाइल सुरू झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि कॉल आला तरी पैसे कापले जायचे. ‘मिस कॉल दे’ या एका वाक्यावर खेड्याचा अर्धा व्यवहार चालू लागला तो २००३ नंतर.

स्मार्टफोनची वाढ सुरू झाली ती स्वस्त अँड्रॉइडमुळे. पहिला अँड्रॉइड फोन आला २००८ मध्ये. त्यानंतर तयार चिप आणि तयार आराखडा विकत घेऊन कोणालाही फोन बनवता येईल अशी सोय झाली. चीनमधून माल जुळवून आणायचा आणि आपलं नाव छापायचं. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, इंटेक्स ही नावं तालुक्याच्या पाट्यांवर आली ती याच काळात. २०१३ मध्ये जगात एका वर्षात १०० कोटींवर स्मार्टफोन गेले. २०१४ मध्ये शाओमी भारतात आली, आधी फक्त ऑनलाइन, मधले वितरक वगळून.

तरी खेड्यातली ती तेरा-चौदा घरं हललेली नव्हती. फोन पाच हजारांत मिळायचा, पण एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये लागायचे. गाडी स्वस्त, डिझेल महाग.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. पहिले काही महिने फुकट, नंतर दिवसाला एक जीबी इतक्या पैशांत की लोक मोजायचेच सोडून गेले. दोनच महिन्यांनी नोटाबंदी आली. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालेलं होतं. एवढी कारणं एकाच सहामाहीत एकावर एक पडणं हा योग होता. कोणत्याही आलेखात तो आधीपासून लिहिलेला नव्हता. दुसऱ्या ओळीतल्या घरांनी – शिक्षक, कृषी केंद्रवाला, दूध संकलनवाला, बचत गटाची अध्यक्ष – फोन घेतला, आणि बाकीच्यांना पटलं ते त्यांच्या हातात बघून. मंडीतला तुरीचा भाव घरबसल्या कळतो, किडलेल्या पानाचा फोटो काढून पाठवता येतो, मुंबईला गेलेल्या पोराचा चेहरा दिसतो. आयोवाच्या मक्याचीच गोष्ट.

याच वळणावर एक बारकी तांत्रिक गोष्ट कित्येकांना महागात पडली. जिओचं जाळं तेव्हा निव्वळ ४जीचं. त्यावर २जी नाही, ३जी नाही. बोलणंही डेटावरूनच जायचं. म्हणजे फोन ४जी असून भागत नव्हतं, त्याला डेटावरून बोलायची सोय असावी लागत होती. दुकानांत ३जी फोन भरलेले होते. चालू, कोरे, सीलबंद. एका दिवाळीत ते मधल्या फळीवरून थेट खालच्या खणात गेले. भारतीय ब्रँडांची घसरण आणि चिनी ब्रँडांची चढण यांच्यामध्ये हे एक दार आहे. वस्तू आपल्या वयानं म्हातारी होते असं आपण समजतो. इथं तिच्या भोवतालचं जाळं बदललं आणि ती एका रात्रीत म्हातारी झाली.

मग परिपक्वता. आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार जगातली स्मार्टफोनची वार्षिक विक्री २०१६ मध्ये सुमारे १४७ कोटींवर गेली, तो आतापर्यंतचा कळस. २०२३ मध्ये ती ११७ कोटींवर होती. भारतात कळस उशिरा आला. टाळेबंदीत शाळा फोनवर गेल्या, घरात दुसरा फोन लागला, २०२१ मध्ये १६ कोटींच्या आसपास फोन गेले आणि पुढच्या वर्षी ते साडेचौदा कोटींच्या आत आले.

विक्री घटली म्हणजे लोक फोन सोडताहेत का? अजिबात नाही. एक गाव धरा, ज्यात ६०० फोन आहेत आणि नवा माणूस कोणी उरला नाही. दर माणूस तीन वर्षांनी फोन बदलतो, तर वर्षाला २०० विकले जातील. आता फोन जरा चांगले बनू लागले, महागही झाले, आणि माणूस चार वर्षं काढू लागला. विक्री १५० वर येते. चौथा हिस्सा धंदा गेला, आणि गावात फोन तितकेच आहेत. वापर तर उलट वाढलाय. बीटीच्या पाकिटात पाहिलं त्याच्या बरोबर उलट. तिथं उपयोग घटला आणि विक्री टिकली. इथं उपयोग वाढतोय आणि विक्री घटतेय. म्हणून ‘स्मार्टफोनचा उतार सुरू झाला’ अशा बातम्या वाचताना विचारायचं, रेघ कशाची?

कंपन्या यावर जे उपाय करतात ते पाठ असावेत, कारण ते खिशावर येतात. कॅमेरे वाढवणं, जेव्हा तिसऱ्या-चौथ्या कॅमेऱ्याचा उपयोग शून्याजवळ असतो. तोच फोन नाव बदलून पुन्हा आणणं. हप्त्यावर देणं. ऑक्टोबर २०२२ पासून ५जीच्या नावानं जुना फोन टाकायला लावणं, गावाच्या टॉवरवर ५जी आलेलं असो नसो. शेवटचं हे तपासणं सोपं आहे : शेजाऱ्याच्या ५जी फोनमध्ये आपलं सिम टाकून आपल्याच अंगणात उभं राहायचं.

खेड्यातल्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त फसवते ती मधली फळी. मॉडेल उताराला लागलेलं असतं आणि भाव पाडलेला असतो. स्वस्त दिसतो, पण फोनचं घड्याळ आपण घेतो तेव्हा सुरू होत नाही, ते मॉडेल बाजारात आलं तेव्हाच सुरू झालेलं असतं. कंपनी ‘तीन वर्षं सुरक्षा अपडेट’ म्हणते ती बहुधा मॉडेल आल्यापासूनची. समजा एक फोन जानेवारी २०२३ मध्ये आला, अपडेटची मुदत तीन वर्षं. २०२४ च्या दिवाळीत तो साडेसात हजारांना मिळतोय. जानेवारी २०२६ ला मुदत संपणार, हातात उरले १४ महिने. महिन्याला ५३६ रुपये पडले. शेजारी दुसरा फोन, साडेदहा हजारांचा, सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला, मुदत चार वर्षं. उरले ४६ महिने, महिन्याला २२८ रुपये. महाग कोणता?

मुदत संपली म्हणजे त्या दिवशी फोन बंद पडत नाही, तसं काही नाही. तो हळूहळू एकटा पडतो. व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५.० च्या खालच्या फोनांवर चालणं थांबवलं. बँकांचे ॲप त्याच्याही आधी कुरकुरू लागतात. फोन लागतो, वाजतो, पण पैसे पाठवत नाही.

घेताना बघायच्या जागा मोजक्याच आहेत. डब्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते वर्षापेक्षा जुनं असेल तर भाव कितीही पडलेला असो, विचार करा. तितके दिवस बॅटरीही डब्यात पडून होती, आणि लिथियमची बॅटरी नुसती पडूनही झिजते. रिकामी होऊन पडली तर जास्तच. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती सहा महिने मागं असेल तर कंपनीनं या मॉडेलवरून हात काढत आणलाय. जुना फोन घेत असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा पंधरा आकडी नंबर डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर टाकून बघा, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं. आणि एक प्रश्न दुरुस्तीवाल्याला आधी विचारा, विकणाऱ्याला नाही : “भाऊ, याचा फोल्डर भेटन का?” फोल्डर म्हणजे टच आणि डिस्प्लेचा जोड. “मांगवा लागन, बर्डीवरून येते,” असं उत्तर आलं तर ठीक. तो नुसता हसला तर फोन ठेवून द्या. नागपूरच्या सीताबर्डीत ज्या मॉडेलचा फोल्डर मिळत नाही, त्या मॉडेलचं आयुष्य काउंटरवर कितीही चकाकत असलं तरी संपलेलं आहे.

फोल्डरचा प्रश्न इथं पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोचतो, कारण फोन इथं जास्त लवकर मरतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो आणि फोन बनवणारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेचा हिशोब धरतात. टिनाच्या छपराखाली किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला फोन चार्जिंग थांबवतो, तो बिघाड नाही, तो स्वतःला वाचवतोय. त्याला ओल्या फडक्यात गुंडाळू नका, फ्रिजमध्येही नको, सावलीत ठेवा. अशा उन्हाळ्यांत बॅटरीची ताकद शहरातल्या फोनपेक्षा आधी उतरते. दुसरा शत्रू कापूस. वेचणीच्या दिवसांत खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत तंतू आणि धूळ दाबली जाऊन नमद्यासारखा थर बसतो. वायर आत पूर्ण जात नाही, चार्जिंग येतं-जातं, आणि माणूस समजतो की पिन गेली. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं तो थर उचकटून काढला की बऱ्याचदा काम भागतं. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. आतली टोकं एकमेकांना टेकली की खरोखरच सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंगच्या खाचेचा छोटा बोर्ड, बदलावा लागतो. शहरासाठी चार वर्षांचा म्हणून बनवलेला फोन इथं अडीच वर्षांत थकला तर तो गिऱ्हाइकाचा हलगर्जीपणा नाही. नोकिया ११०० बनवणाऱ्यांना धूळ माहीत होती, काचेच्या पाठीचे फोन बनवणाऱ्यांना ती नको आहे.

दुकानदाराची बाजू वेगळी, पण घड्याळ तेच. विदर्भात पैसा पोळ्याला नसतो. तो सोयाबीन निघाल्यावर आणि कपाशीचं सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) होऊन पहिली वेचणी विकल्यावर येतो. मोठे ऑनलाइन सेल मात्र बहुधा दसऱ्याच्या आधीच सुरू झालेले असतात. दिवाळीसाठी भरलेला माल जानेवारीपर्यंत उठला नाही तर तोवर नवं मॉडेल आलेलं असतं आणि जुन्याचा भाव हजारानं पडलेला. बऱ्याच कंपन्या पडलेल्या भावाचा फरक भरून देतात, पण तो चालू न केलेल्या फोनवर, आणि थेट वितरकाकडून पक्क्या बिलानं घेतलेल्या मालावर. मोठ्या गावच्या दुकानदाराकडून उसने चार पीस आणून विकणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून छोट्या दुकानाचं सूत्र साधं असावं : फोन थोडे, मॉडेलं कमी, आणि पैसा कव्हर-काच-चार्जरवर. हँडसेटवर सुटतं थोडं. शंभर रुपयांच्या टेम्पर्ड ग्लासवर निम्म्याहून जास्त सुटू शकतं. कव्हर मात्र फोनच्या मागून मरतं. मॉडेल विकायचं थांबल्यावरही वर्ष-दीड वर्ष लोक कव्हर मागतात, मग एकदम थांबतात. फोन विकायचा थांबला त्याच महिन्यात कव्हरची पुढची ऑर्डर निम्मी करायची. खालचा खण भरतो तो हे न केल्यामुळे.

आणि बटणांचा फोन? पुस्तकाप्रमाणे तो उतारावर आहे. विकणारे कमी झाले, मोठ्या कंपन्यांनी हात काढला. नोकियाचा फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि नाव पुढे तिसऱ्याच कंपनीनं वापरलं. पण खालची फळी रिकामी होत नाही. फवारणीला जाताना टच फोन घरी ठेवून साधा खिशात टाकणारे आहेत. ओल्या बोटांनी, हातमोजे घालून बटणं दाबता येतात, आणि औषधाचे थेंब उडाले तर हजाराचंच नुकसान. म्हाताऱ्या माणसांना आवाज मोठा लागतो. बॅटरी आठवडाभर जाते. उतारावरची वस्तू अशी एखाद्या सपाटीवर वर्षानुवर्षं बसून राहते. तिला उठवतं ते गिऱ्हाईक नाही, जाळं. यातले नुसत्या २जीवर चालणारे फोन २जी चालू आहे तोवरच चालू. ज्या दिवशी कंपन्या तो पट्टा बंद करतील, त्या दिवशी काचेच्या खालच्या फळीवरून ते उचलून तिथं दुसरं काही मांडावं लागेल.

त्या फळीच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची बरणी असते, बॅटऱ्यांची. त्यात अजून बीएल-५सी निघते. नोकिया ११०० मध्ये बसायची तीच चपटी बॅटरी. तो फोन बनवणं थांबून जमाना झाला, बॅटरीला मात्र फोन लागतच नाही. ती स्वस्तातल्या एफएम रेडिओत बसते, छोट्या स्पीकरमध्ये बसते. हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जाणारा माणूस बाजारातून ती शंभराच्या आसपास नेतो, मचाणावर रेडिओ लावतो, आणि रानडुकरं वावराच्या धुऱ्यावरून परत फिरली तर बरं म्हणतो.